माझ्या झोपेपायी

रविवार, रिसाली

लाज वाटून राहिली, म्हणून लिहितो.

पिहू अडीच वर्षांची झाली तरी मोबाईल पाहिल्याशिवाय झोपत नाही, यावरून सकाळी बायकोवर, सुनीतावर ओरडलो. ती एवढंच बोलली, "नाईट ड्युटी करून तुम्ही दिवसा झोपता. तेव्हा या पोरीले चूप कशानं ठेवू?" म्हणून मोबाईल. तोही आवाज बंद करून. मले वाटलं, बहाणे करून राहिली.

आज माझी सुट्टी. तोऱ्यात म्हटलं, मीच झोपवतो. लेकरू झोपवाले काय लागते!

लाईट बंद केला, पिहूले मांडीवर घेतलं, थोपटलं. माझी आई म्हणायची ती अंगाई गुणगुणाले लागलो. पहिल्याच ओळीले पोरीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. घाबरून आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, अन् कानाशी इथल्या हिंदीत कुजबुजली, "श्श! बाबा सोए हैं."

म्हटलं, अगं बेटा, मीच बाबा. जागा आहे ना मी.

पटलं नाही तिले. आवाज बंद केलेल्या मोबाईलसारखा मीही चूप झालो. तोंडावरचा हात तिनं काढला नाही. दुसऱ्या हातानं मलेच थोपटत बसली.