बोक्याचा मोडका पाय

आई, पाया पडतो.

मी मजेत आहे, जेवतोही वेळेवर. तुझा खोकला थांबला का?

लोधिवलीला टेंपोखाली एका भटक्या बोक्याचा पाय मोडला. त्याला पोत्यात घालून एसटीनं खालापूरला आणलं. (इकडची जांभळं काय गोड आहेत! असो.) उतरतो तोच भाजीवाली सोनुबाई ओरडली, "आमच्या गावात मांजर सोडतोस काय रं? उचल ते पोतं!" मी पाय दाखवला. मग तीच मला ओढत जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

पाय वाचला. पण प्लास्टर तीन आठवडे राहणार, तोवर त्याला हलवायचं नाही. सोनुबाईनं आम्हां दोघांना पडवी दिलीय.

पुण्याचं काम हुकलं, रागावू नकोस. दुसरं बघतो.

दर वेळी विचारतेस ना, पत्र पाठवू कुठं? आता पाठव.

तुझा रोहिदास
सोनुबाई भाजीवालीची पडवी,
जनावरांच्या दवाखान्यामागं, खालापूर