भिंतीवरचा शर्टाचा तुकडा

शिकारीचा तळ, बुधवार

प्रिय बाबा,

तुमच्या खुब्याला आराम पडत असेल अशी आशा करून लिहितोय. इथे सगळं ठीक आहे, थंडी बेताची, जेवण भरपूर. आई तुम्हाला उठू देत नाही ना?

बंदुकीच्या तुमच्या त्या जाड, संथ गोळ्या मी यंदा आणल्या नाहीत. दुकानातून हलक्या, वेगवान आणल्या. "झाडीत हरीण वीस पावलांवर दिसतं, तिथे वेग काय चाटायचाय?" असं तुम्ही म्हणाला होतात.

रविवारी वीस पावलांवरच नर आला. गोळी खांद्याच्या हाडावरच फुटली, आत गेलीच नाही. तो तीन पायांवर दलदलीत पळाला. मी अंधार पडेपर्यंत माग काढला, मग रक्त दिसेनासं झालं.

तळावर येऊन सांगितलं, नेम चुकला, गोळी लागलीच नाही. रिवाजाप्रमाणे एन्सिओकाकाने माझ्या शर्टाचं टोक कापलं आणि भिंतीवर ठोकलं. "बापाच्या तुकड्याशेजारी शोभतंय बघ!" सगळे खो-खो हसले. मीही हसलो.

आज दुपारी काकाला तो नर सापडला. जिवंत होता, बाबा. काकाने तुमच्यासारख्याच जाड गोळीने त्याचे हाल संपवले. खांद्यातून निघालेल्या गोळीच्या चिंध्या त्याने माझ्या ताटाशेजारी ठेवल्या. तसल्या गोळ्या इथे फक्त माझ्याकडे आहेत.

मग त्याने भिंतीवरचा खिळा उपटला आणि तुकडा माझ्या हातात दिला. "हे नेम चुकलेल्यांसाठी असतं," एवढंच म्हणाला.

तुमचा तुकडा अजून तिथेच आहे.

तुमचा,
आर्ने