हॅदर्सलीची पंचायत आणि बाबांचा सभात्याग

तीर्थस्वरूप एनिड आत्या,

दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (माझे अजून टेकतात. तुझ्या डाव्याचं काय झालं ते कळव. डॉक्टरांनी दिलेली काठी तू कोंबड्या हाकायला वापरतेस असं कानावर आलंय, ते खोटं असावं.) इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे कुणी गेलेलं नाही. तुझ्या धाकट्या भावाची तब्येत उत्तम, फक्त वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी तो क्रांतिकारक झालाय. त्याचीच हकिगत लिहायला बसलेय, तेव्हा चहा करून घे.

आमची नगरपालिका एप्रिलपासून बंद होतेय, हे तू ऐकलं असशीलच. सगळ्या जिल्ह्याचं मिळून एकच मोठं कौन्सिल होणार, त्याची कचेरी चाळीस मैलांवर, आणि फोन केला की ते संगीत ऐकवणार. (कौन्सिल अजून व्हायचंय, संगीत सुरू झालंय.) आता तुमच्या स्नेथॉर्पमध्ये माणसं दोनशे बारा, त्यातली निम्मी तुझ्याशी बोलत नाहीत, तरी तुमची स्वतःची पॅरिश पंचायत आहे, सूचनाफलक आहे, बाक आहे, त्या बाकाच्या रंगावरून अकरा वर्षं चाललेलं भांडण आहे. आमच्या अठ्ठेचाळीस हजारांच्या गावाला अशी पॅरिश पंचायत कधी नव्हतीच. नगरपालिका गेली की आमचं म्हणून काही उरत नाही. म्हणून पालिकेने मरता मरता एक अभ्यासगट नेमला आणि लोकांपुढे चार पर्याय ठेवले. एक, सगळ्या गावाची मिळून एक पंचायत. दोन, गावाचे तुकडे करून पाच पंचायती (म्हणजे आज एकाच ठिकाणी होणारी भांडणं पाच ठिकाणी सोयीने करता येतील). तीन, एक विभाग समिती, जिला मत मांडायचा अधिकार असेल आणि ते कुणी ऐकायचं बंधन नसेल. असं माझं लग्न एकदा झालेलं आहे. आणि चार, पंचायतबिंचायत काही नको, फक्त काही नगरसेवकांनी विश्वस्त म्हणून उरायचं आणि मेयरची गळ्यातली मानाची साखळी, मेयरची टोपी आणि तो चांदीचा दंडुका सांभाळायचा. नगरसेवकांचा सर्वांत आवडता पर्याय कोणता, हे तुला सांगायला नकोच.

सोबत चौदा पानांचा फॉर्म. त्यात आपलेपणा आहे, अस्मिता आहे, ‘तुम्हाला या परिसराशी किती जवळीक वाटते’ आहे. बाबांनी तिथे लिहिलं, ‘पावणेअकरापर्यंत बरीच, नंतर घाई.’ हे मी हसण्यावारी नेलं नाही, कारण त्याचा अर्थ मला ठाऊक होता. बाबा रोज सकाळी बी.पी.ची ती गोळी घेतात, जिच्याने दर पाऊण तासाला जावं लागतं. तरी आई गेल्यापासून रोज दहाला ते बाजारचौकात घड्याळाखाली जाऊन बसतात, तिथे त्यांचे तिघे मित्र येतात आणि चौघे मिळून जगाला नावं ठेवतात. हे शक्य होतं ते मासळीवाल्याच्या मागच्या त्या मुतारीमुळे. बाबांचं सगळं सार्वजनिक जीवन त्या चार भिंतींवर उभं आहे.

आणि फॉर्मच्या चौदा पानांत मुतारी कुठेही नाही. म्हणून मी पालिकेतल्या पेटिफर नावाच्या अधिकाऱ्याला फोन केला. माणूस सज्जन, पण शब्द असे काढतो की जणू प्रत्येकाची पावती द्यावी लागणार आहे. तो म्हणाला की मोठं कौन्सिल ‘परिसर-स्वच्छता स्वरूपाच्या मालमत्ता’ चालवणार नाही, कारण त्या चालवणं कायद्याने बंधनकारक नाही. गावाची पंचायत झाली तर ती घेऊ शकेल. नाही झाली तर एकतीस मार्चला कुलूप. म्हणजे बघ, एका बाजूला लोकशाही, अस्मिता आणि साखळी, आणि दुसऱ्या बाजूला एकच प्रश्न, बाबा घराबाहेर पडणार की नाही. आणि हा प्रश्न त्या गावात विचारायचा, जिथे अंत्ययात्रेतसुद्धा लोक ‘जरा हात धुऊन येतो’ म्हणतात.

जाहीर सभा मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये झाली. बिस्किटं एकशेवीस माणसांची, माणसं तेवीस. पहिला सव्वा तास पंचायतीच्या नावावर गेला, कारण नदीपलीकडच्या लोकांना ‘हॅदर्सली’ या नावाखाली जगायचं तर नाहीच, मरायचंही नाही. मग मिसेस क्रिम्प साखळीवर बोलल्या आणि रडल्या. मग लोमॅक्स उठला (तोच, ज्याने गोगलगायींवरून शेजाऱ्याला वकिलाची नोटीस पाठवली होती) आणि म्हणाला, पंचायत आली की घरपट्टीवर वर्षाला अडतीस पौंड चढणार, आजचे अडतीस उद्याचे शंभर. यात ‘मुतारी’ हा शब्द कुणीही काढला नाही. एका बाईंनी ‘चौकातल्या त्या सोयी’ असं म्हटलं आणि स्वतःच लाजून खाली बसल्या. शेवटी बाबा उठले. दोन कप चहा पोटात, टाय लावलेला, हातात टिपणं. म्हणाले, “माझं म्हणणं एवढंच आहे, की या गावात माणसाला...” आणि थांबले. चेहरा मी ओळखला. टिपणं खुर्चीवर ठेवून ते ताठ मानेने हॉलबाहेर गेले, दार जरा जोरात लागलं.

हॉलच्या संडासाला कुलूप होतं, किल्ली रखवालदाराकडे, रखवालदार स्पेनला. चौकातली मुतारी पाचला बंद झालेली. मग बाबा समोरच्या पबमध्ये गेले. आता आपल्या घराण्याचं वळण तुला माहीत आहे, आपण काही विकत घेतल्याशिवाय दुसऱ्याचा संडास वापरत नाही. बाबांनी बिअरचा अर्धा पाइंट घेतला, मग गेले, मग अर्धा टाकून निघणं बरं दिसत नाही म्हणून बसून संपवला, आणि तो संपेपर्यंत पुन्हा जायची वेळ झाली. पुन्हा अर्धा. मी आणायला गेले तेव्हा चौथा चालू होता आणि बाबा आयुष्यात पहिल्यांदा डार्ट्स खेळत होते.

आठवड्याने इतिवृत्त आलं. त्यात लिहिलंय, ‘पंचायतीच्या प्रस्तावाला तीव्र विरोध दर्शवत एका ज्येष्ठ नागरिकाने भाषण अर्धवट सोडून सभात्याग केला.’ बाजूने अकरा, विरोधात बाबांसह बारा. अभ्यासगटाची शिफारस पर्याय चार. साखळी जिंकली, आत्या, आणि ती आपल्या बाबांच्या मूत्राशयाने जिंकली. मी पेटिफरला म्हटलं, हे बदला. तो म्हणाला, बाहेर जाण्याचं खरं कारण त्यांनी सहीनिशी लेखी द्यावं, ते जाहीर नोंदीत छापलं जाईल, मुदत एकोणीस तारखेपर्यंत. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “माझ्या नावापुढे ते छापायचं? कायमचं? त्यापेक्षा बंडखोर बरा.” आणि आता ते बंडखोर आहेतच. लोमॅक्स घरी येऊन त्यांना ‘हॅदर्सलीचा वाघ’ म्हणाला आणि स्वतःच्या मळ्यातल्या लीकच्या पातीची जुडी देऊन गेला. येत्या गुरुवारी, सतरा तारखेला, बोलिंग क्लबात ‘पंचायत नको’वाल्यांची सभा आहे, मुख्य वक्ते बाबा. स्वतःची मुतारी बंद पाडायच्या चळवळीचं नेतृत्व करणारा हा इंग्लंडातला पहिलाच माणूस असावा.

बाकी ठीक. कोंबड्यांना माझा, आणि तुझ्याशी बोलणाऱ्या त्या एकशेसहा जणांना नमस्कार.

तुझी भाची,
डेलिया

ता. क. गुरुवारी तू ये. स्टेशनवर मी गाडी घेऊन येईन. तुला उभं राहून फक्त तो शब्द मोठ्याने म्हणायचाय, मग बाबांना सही करायला लाजण्यासारखं काही उरणार नाही. तू चौऱ्याऐंशीची आहेस, परगावची आहेस, आणि तुला कशाचीच लाज वाटत नाही हे सर्वमान्य आहे.

ता. क. २. ‘बाबा क्रांतिकारक झालेत’ वगैरे मी गमतीने लिहिलं. खरं सांगायचं तर थंडीसाठी म्हणून मुतारी आत्तापासूनच सकाळची बंद ठेवतात, आणि बाबा नऊ दिवस बाजारात गेलेले नाहीत. मित्रांनी फोन केला की सांगतात, भाषणाच्या तयारीत आहे. भाषण अर्धं पान आहे.

ता. क. ३. येण्याआधी हे तुला माहीत असायला हवं. त्या सभेत बाबा बाहेर गेल्यावर अध्यक्षबाईंनी मला विचारलं होतं, तुमच्या वडिलांना काय म्हणायचं होतं? उरलेली एकवीस माणसं वळून माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, त्यांचा विरोध आहे.