साहेबांचं प्लास्टिकचं गवत

मंगळवार, भोपाळ

शेजारच्या साहेबांनी अंगणात भराव घालून वर प्लास्टिकचं गवत अंथरलं. त्यांचं अंगण कोरडं, आणि पावसाचं सगळं पाणी आमच्याकडे. काळी माती, पाणी मुरतंय कुठे? फाटकापर्यंत घोटाभर चिखल. ह्यांना कितीदा म्हटलं, बोला ना! तर म्हणे, "माझे साहेब आहेत ते." क्वार्टरमध्येसुद्धा?

आज त्यांनी चहाला बोलावलं. मॅडम फाटकातच म्हणाल्या, "भाभीजी, चप्पल यहीं उतारिए, घास गंदी होगी." घास म्हणे! ह्यांनी लगेच बूट काढले, वर त्या गवताचं कौतुक. मीही चपला काढल्या. चिखलाने माखलेल्या पायांनी त्या हिरव्या प्लास्टिकवरून सावकाश, थेट साहेबांच्या खुर्चीपर्यंत गेले.

"अरे, ये कीचड़ कहाँ से?"

"आपके यहाँ से," म्हटलं.

घरी आल्यापासून हे माझ्याशी बोलत नाहीत. साहेबांशी तरी कुठे बोलले होते!