इनागाकी-सानचं पिवळं फडकं

१२ ऑगस्ट, सोमवार

पडलं एकदाचं भोक! आणि सरळ पडलं!

आमचे हे जाऊन दोन वर्षं झाली, पण आजवर मी ड्रिलला हातही लावला नव्हता. आज बशांचं कपाट माझ्या हातांनी भिंतीला पक्कं केलं. शेजारचे इनागाकी-सान नुसते स्टुलावर बसून ओरडत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा सुतार, जीभ रंध्यासारखी. "टकटक करा, कियोए-सान! पोकळ वाजलं तर पुढे सरका. आत लाकूड लागलं की तिथेच स्क्रू. भूकंपाला तुमची दया नाही यायची!"

गल्लीतल्या अकरा घरांची कपाटं त्यांनी स्वतः पक्की करून दिली. मला मात्र करून देत नाहीत, शिकवतात. राग येतो. पण मनातून किती बरं वाटतं! कुणीतरी मला 'जमेल' म्हणतंय.

१९ ऑगस्ट, सोमवार

भूकंपात चूल-गॅस बंद पडला तर करायचा तो पिशवीतला भात जमला. तांदूळ, पाणी, गाठ, उकळत्या पाण्यात अर्धा तास. इनागाकी-सान म्हणाले, "भूकंपाआधी ह्या भातानेच माझे दात पडतील." आणि दोन वाट्या खाल्ल्या!

२३ ऑगस्ट, शुक्रवार

आज गाडीचा जॅक. कुणी खाली अडकलं तर, म्हणून अंगणातला ओंडका उचलायचा सराव. "थोडं उचला, खाली फळी सरकवा. परत उचला. घाई केली की बोटं गेली." नखं काळी झाली. ह्या वयात एवढी मजा!

३१ ऑगस्ट, शनिवार

उद्या गल्लीचा भूकंपाचा सराव. आठला भोंगा वाजेल. ज्याच्या घरी सगळं ठीक, त्याने दाराबाहेर पिवळं फडकं लावायचं. आमच्या गल्लीप्रमुख मोरीनो-सान बजावून गेल्या — "फडकं दिसलं की आपण पुढच्या घरी. वेळ घालवायचा नाही."

संध्याकाळी बघते तर इनागाकी-सानचं फडकं आत्ताच लटकतंय! म्हणाले, "गेल्या वर्षी फडकं लावण्यात मी शेवटचा आलो. मोरीनो-सान सगळ्यांदेखत हसल्या." माझं हसून हसून पोट दुखलं.

१ सप्टेंबर, रविवार

आधी सगळं लिहून काढते.

सकाळी सहा दहाला खराच भूकंप आला! केवढा हादरा! माझं कपाट जागचं हललं नाही, एक बशी फुटली नाही. फडकं लावून बाहेर आले. मोरीनो-सान यादी घेऊन दारोदार. "इनागाकी, ठीक!" — खूण केली नि पुढे. मीही चार पावलं पुढे गेले. कशी गेले मी!

मग डोक्यात लख्ख झालं — ते फडकं तर कालचं!

मोरीनो-सानना मागे बोलावलं, हाका मारल्या. ओ नाही. स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरलो. त्यांच्या गेलेल्या बायकोचं किमोनोंचं जड कपाट त्यांच्या पायांवर आडवं. चेहरा पांढराफटक. मी जॅक आणला. उचललं, फळी. उचललं, फळी. मोरीनो-साननी त्यांना ओढून काढलं. एवढ्यातही पुटपुटले, "फळी उलटी लावलीत."

डॉक्टर म्हणाले, अजून तासभर गेला असता तर — नाही लिहवत. ते आहेत. आहेत! देवाचे किती आभार मानू?

३ सप्टेंबर, मंगळवार

त्यांचं घर आवरायला गेले. त्या कपाटामागच्या भिंतीवर पट्टी नाही, भोक नाही, साधी पेन्सिलीची खूणही नाही. गल्लीभर कपाटं पक्की करत फिरणारा माणूस! मोरीनो-सान म्हणतात, "वय झालं, विसरले असतील." मला नाही पटत. त्यांना माझा प्रत्येक स्क्रू पाठ आहे.

९ सप्टेंबर, सोमवार

इस्पितळात नाशपाती कापून देता देता विचारलंच.  खिडकीबाहेर बघत म्हणाले, "विसरलो नव्हतो. ती गेल्यापासून वाटायचं, पडायचं तर पडू दे माझ्यावर."

मी आणखी एक फोड कापून बशीत ठेवली.  त्यांनी बशीतली दुसरी फोड उचलली.

"मी घरी यायच्या आत ते कपाट तेवढं पक्कं करून ठेवा, कियोए-सान. लांब स्क्रू घ्या."