पंख्याखालचं पुस्तक

तीर्थरूप मामांच्या सेवेशी,

भाचीचा उभ्यानेच नमस्कार (सकाळपासून ग्रंथालयातल्या खालच्या फळ्या धुंडाळल्यामुळे कंबर वाकायला तयार नाही). खोकला कसा आहे? मामींचं ऐकत असाल तर एव्हाना गेला असेल, म्हणजे बहुधा गेला नसेल.

माझ्या प्रबंधाची तुम्ही नेहमी चौकशी करता, म्हणून जरा सविस्तर लिहिते. विषय रुग्णालयातल्या मुख्य परिचारिकांचं नेतृत्व. ग्रंथालयातल्या संगणकावर मी भाबडेपणाने नुसतं ‘नेतृत्व’ टाकलं, तर पुढाऱ्यांची चरित्रं, यशस्वी होण्याचे सोपे मार्ग आणि मेंढ्यांच्या कळपावरचं एक पुस्तक, असा ढीग पुढ्यात आला. (मेंढ्यांचं थोडं वाचलं. बरं आहे.) ग्रंथपालबाई म्हणाल्या, “अहो, नुसत्या एका शब्दाने काय होणार? परिचारिका, वॉर्ड, निर्णय असं काहीतरी जोडा. आणि एखादा चांगला लेख सापडला की त्याच्या शेवटची संदर्भसूची बघा.” तसं केलं. लेख सापडले आणि जवळजवळ सगळ्यांच्या सूचीत एकच पुस्तक निघालं. इथे त्याची एकुलती एक प्रत, ती कुणीतरी नेलेली आणि पुन्हा पुन्हा मुदत वाढवून घेतलेली. कोणी नेली ते सांगायची बाईंना परवानगी नाही. इकडे आमचे सर, म्हणजे तुमचे बुद्धिबळातले जोडीदार, भेटतील तेव्हा बजावतात, “ते पुस्तक वाचल्याशिवाय तुमचं दुसरं प्रकरण मी हातात घेणार नाही.” आणि प्रकरण रखडलं तर माझी अभ्यासरजा जाते.

काल सरांच्या घरी गेले होते. टेबलावर छोटा पंखा फिरत होता, आणि वारा नेमका सरांच्या चेहऱ्यावर यावा म्हणून त्याच्याखाली एक जाडजूड पुस्तक सारलेलं. तेच. पाठीवर ग्रंथालयाची चिठ्ठीसुद्धा. सर नेतृत्वात धाडस कसं हवं ते समजावत होते आणि मी पंख्याकडे बघत होते. वॉर्डात मोठमोठ्या डॉक्टरांना हात धुवायला परत पाठवणारी मी, पण इथे पुस्तक मागायचं धाडस होईना. शेवटी कसंबसं विचारलं, “सर, पंखा जरा उंच नाही का वाटत?”

“छे, आत्ता कुठे बरोबर लागतोय,” सर म्हणाले.

मी चहा पिऊन हात हलवत परत आले.

बाकी सगळं ठीक. मामींना माझी आठवण सांगा.

तुमची,
भाची

ता. क. रविवारी डाव मांडायला जाल तेव्हा तेवढ्याच जाडीचं एखादं निरुपयोगी पुस्तक बरोबर न्या आणि गोडीगुलाबीने अदलाबदल करा. खरं तर पत्र त्यासाठीच.

आणखी ता. क. पाकीट बंद करणार तोच धीर आला आणि सरांना फोन करून सांगून टाकलं. ते अजिबात ओशाळले नाहीत. “घेऊन जा की. मला कुठे वेळ मिळालाय वाचायला. तुमच्या मामांनीच ते फार महत्त्वाचं म्हणून सांगितलं होतं,” म्हणाले. लगेच जाऊन आणलं, आता पुस्तक माझ्याकडे आहे. पहिली वीस पानं दोनदा वाचली, काही कळलं नाही. तेव्हा मामा, त्यात काय आहे ते दोन पानांत लिहून पाठवा. तुम्ही वाचलं असेलच.