लाख्वारीच्या चर्चची किल्ली

मी, पिक्रिया नावेरियानी, वय चौतीस, व्यवसाय पुलांची तपासणी, राहणार लाख्वारी, डोंगराळ स्वानेती प्रांत, माझे मृत्युपत्र लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. बिघाड हृदयाच्या झडपेत आहे. ती बदलून घ्यायला मी राजधानीत, तिबिलिसीला जात आहे.

१. घर, गोठा व बँकेतील शिल्लक आईला. गाय विकू नये, असे मी म्हणणार नाही. ती मलाही लाथा मारते.

२. गावच्या चर्चची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात आहे. वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून ती माझ्याकडे आली. त्यांचे धाकटे भाऊ बिमुर्झाकाका यांना हे अजून मान्य नाही.

चर्च वीस माणसांत भरते. गाभाऱ्यामागच्या अर्धगोल भिंतीचे दगड बाहेरून नीट घडवलेले आहेत. पण खिडकीतून हात आत घातला की बोटांना ओबडधोबड, जुने दगडकाम लागते. भिंतीची नेहमीची जाडी सोडूनही बाहेरची लांबी आणि आतली लांबी यांत एक माणूस उभा राहील एवढा फरक येतो. माझा तर्क असा, की आत याहून जुने, याहून लहान चर्च आहे आणि भूकंपानंतर कधीतरी त्याच्याभोवती हे कवच बांधले. छत आजही त्या जुन्या भिंतीवर टेकलेले असावे.

‘असावे’ लिहिते, कारण गाभाऱ्यात बाईने जायचे नसते. आतले माप काकांच्या मुलाने, जोकियाने, पावले टाकून घेतले. मी गाभाऱ्याच्या पडद्याबाहेर होते.

“किती?”

“दोन पावलं आणि वर थोडं, ताई.”

“थोडं म्हणजे?”

“थोडं म्हणजे थोडं! फादर बघतायत.”

तेव्हा फरक भिंतीत आहे की जोकियात, हे मला माहीत नाही.

३. काकांच्या मते तिथे सोन्याचा क्रूस लपवला आहे. त्यांनी पहारही आणून ठेवली आहे. भिंत फोडली तर छत खाली येईल, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, “पोरी, तू पूल मोज. देवाच्या घरचं मला शिकवू नकोस.”

म्हणून किल्ली मी बिमुर्झाकाकांनाच देत आहे. आई ओरडेल. अट एकच: त्यांनी गावासमोर, सेंट जॉर्जच्या प्रतिमेवर हात ठेवून शपथ घ्यावी, की ती भिंत मी फोडणार नाही व कुणाला फोडू देणार नाही. खात्री नसताना प्रतिमेवर हात ठेवायला नको, म्हणून याच काकांनी हद्दीच्या भांडणात अख्खे कुरण सोडून दिले होते. शिवाय आत सोने आहे असे मानणाऱ्या माणसाइतका जागता पहारेकरी मला दुसरा मिळणार नाही. सोने आहे की नाही, यावर मी मत देत नाही.

शपथ नाकारल्यास किल्ली फादरांकडे जावी.

४. लेझरने माप घेणारे माझे यंत्र जोकियाला. त्याने ते गाभाऱ्याच्या भिंतीला टेकवून बटण दाबावे. पावले टाकू नयेत. आकडा माझ्या थडग्यापाशी मोठ्याने वाचावा. थडग्यापाशी प्यायची दारू, अराक, त्यानंतर प्यावी.

५. मी बरी होऊन परतले, तर वरील सर्व रद्द समजावे. मोजणी मात्र रद्द नाही. आकडा मी पडद्याबाहेर उभी राहून ऐकेन.

सही: पिक्रिया नावेरियानी
साक्षीदार: मझेविनार खोर्गुआनी, शेजारीण; चिचिको ग्वारलियानी, शिक्षक
लाख्वारी, १४ ऑक्टोबर २०२३